चित्र आहे, आवाज नाही : घरच्या टीव्हीवर अडणाऱ्या फाइलींची कुळकथा

एका यंत्रावर नीट चालणारे चित्र दुसऱ्या यंत्रावर अडते, ही तक्रार व्हिडिओ-फाइलींपेक्षा जुनी आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडून बारशाची किंवा लग्नाची कॅसेट यायची. ती पुण्या-मुंबईच्या व्हीसीआरमध्ये घातली की चित्र वर वर सरकत राहायचे, रंग उडालेले असायचे, नाहीतर नुसत्या रेघा दिसायच्या. कॅसेट चांगली असायची, व्हीसीआरही चांगला असायचा. अमेरिकेतले चित्र एनटीएससी पद्धतीचे, म्हणजे ५२५ ओळींचे आणि सेकंदाला जवळजवळ ३० चौकटींचे होते. भारताने १९८२मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू करताना जर्मनीत विकसित झालेली पाल पद्धत घेतली होती, तिच्यात ओळी ६२५ आणि चौकटी २५. दोन्ही पद्धती ओळखणारा ‘मल्टिसिस्टिम’ व्हीसीआर ज्याच्याकडे असे, त्याच्या घरी गल्ली जमायची. बाकीच्यांना कॅसेट दुकानात देऊन दुसऱ्या पद्धतीत उतरवून घ्यावी लागे. यंत्र बदलायचे किंवा चित्र बदलून घ्यायचे, हे दोन उपाय तेव्हापासूनचे आहेत. आज टीव्हीवर ‘हा फॉरमॅट चालत नाही’ अशी पाटी आली, तरी करण्यासारखे याहून वेगळे फारसे काही नसते. बदलले ते एवढेच की अडण्याच्या जागा वाढल्या, आणि नेमकी कोणती जागा अडली हे ओळखणे हाच दुरुस्तीचा मोठा भाग झाला.

संगणकावरच्या व्हिडिओची सुरुवात चित्र आकसण्याच्या गणितातून होते. या गणिताच्या मुळाशी बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांचे काम आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात असताना त्यांनी १९७२मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे या संशोधनासाठी पैसे मागितले. प्रस्ताव नाकारला गेला. काम तरीही चालू राहिले आणि १९७४मध्ये अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव या तिघांच्या नावाने ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ हा निबंध प्रसिद्ध झाला. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यातला ढोबळ फरक जपायचा आणि डोळ्याला जाणवत नाही असा बारीक तपशील टाकून द्यायचा, ही त्याची व्यवहारातली कल्पना. फोटोंचे जेपेग आणि व्हिडिओचे एमपेग दोन्ही तिच्यावर उभे राहिले. फाइल बिघडते तेव्हा पडद्यावर चौकोनी ठोकळे दिसतात, ते याच तुकड्यांचे असतात.

व्हिडिओची मानके ठरवणारा एमपेग हा गट १९८८मध्ये स्थापन झाला. त्याचे पहिले मानक १९९३मध्ये छापले गेले आणि त्याच वर्षी व्हिडिओ सीडी आली. ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे चित्र, सेकंदाला साधारण ११५० किलोबिट, आणि एका तबकडीवर ७४ मिनिटे. अमेरिकेत तिला फारसे कुणी विचारले नाही. आशियात मात्र तिने कॅसेटची गादी घेतली, कारण चिनी कारखान्यांनी सी-क्यूब कंपनीच्या चिपवर स्वस्त प्लेअर बनवून बाजार भरून टाकला. हिंदी सिनेमा दोन तबकड्यांत, लांबलाच तर तीनांत. महाराष्ट्रात लग्नाची ‘सीडी’ म्हणून जी वस्तू अजून कपाटात सापडते, ती बहुधा हीच असते.

ती तबकडी संगणकात घातली तर ‘एमपेगएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘एव्हीसेक०१.डॅट’ अशी फाइल दिसते. ती पेनड्राइव्हवर उतरवून टीव्हीला लावली की टीव्हीच्या यादीत बहुतेक वेळा येतच नाही. आत साधा एमपेग-१ व्हिडिओ आहे, जो जवळजवळ प्रत्येक टीव्हीला येतो. पण टीव्ही आधी फाइलच्या नावाचे शेपूट पाहतो, आणि ‘डॅट’ हे शेपूट त्याच्या यादीत नसते. शेपूट बदलून ‘एमपीजी’ केले की काही टीव्ही लगेच चालवतात. जे तरीही चालवत नाहीत त्यांना आतल्या प्रवाहाभोवतीचे सीडीचे वेष्टन आडवे येते. ते संगणकावर काढून टाकावे लागते, आणि त्यात चित्राचा दर्जा तसूभरही कमी होत नाही. या तबकड्यांचा खरा शत्रू ओरखडा आहे. जास्त वेळाचे चित्र मावावे म्हणून व्हीसीडीत चुका दुरुस्त करणारी जादा माहिती कमी ठेवलेली असते. त्यामुळे संगणकाच्या सीडीला जो ओरखडा सोसतो, तो लग्नाच्या सीडीला सोसत नाही. कपाटातल्या तबकड्या आजच उतरवून ठेवाव्यात, याला एवढे कारण पुरे.

शेपटावरून ओळख पटवण्याची सवय टीव्हीला संगणकाकडून लागली. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर १९९२मध्ये एव्हीआय हा प्रकार आणला, ॲपलचा क्विकटाइम त्याच्या वर्षभर आधीचा. दोन्ही मुळात डबे होते. डब्यात एका पुडात चित्र, दुसऱ्यात आवाज, आणि झाकणावर आत काय आहे त्याची चिठ्ठी. चित्र कोणत्या पद्धतीने आकसले आहे ती झाली कोडेक, आणि ती डब्यावर अवलंबून नसते. ‘एव्हीआय चालते का?’ हा प्रश्न त्यामुळे ‘स्टीलचा डबा चालतो का?’ असे विचारण्यासारखा आहे. डबा चालेल, आतले पचेल की नाही ही गोष्ट निराळी. टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत आजही डब्यांची नावे ठळक छापलेली असतात आणि कोडेकांची बारीक टाइपात, शेवटच्या पानावर. निम्मा गोंधळ तिथेच होतो.

एव्हीआयच्या चिठ्ठीत कोडेकचे नाव चार अक्षरांत लिहितात, आणि १९९९नंतर या चार अक्षरांना भलतेच महत्त्व आले. त्या सुमारास जेरोम रोता या फ्रेंच तरुणाने मायक्रोसॉफ्टच्या एमपेग-४ कोडेकवरचे बंधन तोडून ते एव्हीआयमध्ये वापरता येईल असे केले. त्याने त्याला डिव्हएक्स हे नाव दिले आणि पुढे डोळा मारणारा चेहरा काढला. त्याच नावाची पाहून-फेकून-द्या डीव्हीडीची एक योजना अमेरिकेत नुकतीच बुडाली होती, तिची ही थट्टा. याच सुमारास डीव्हीडीचे कुलूप उघडणारा प्रोग्रामही पसरला होता, त्यामुळे सबंध सिनेमा ७०० मेगाबाइटच्या एका सीडीवर बसू लागला. पुढे डिव्हएक्सची रीतसर कंपनी झाली आणि तिच्या खुल्या आवृत्तीतून एक्सव्हिड फुटून निघाले. २००३मध्ये किस या डॅनिश कंपनीने डिव्हएक्स वाचणारा डीव्हीडी प्लेअर विकायला काढला, आणि संगणकातली फाइल दिवाणखान्यातल्या टीव्हीवर येण्याचा रस्ता पहिल्यांदा सामान्य गिऱ्हाइकाला मोकळा झाला.

रस्त्यात खड्डे होतेच. प्लेअरची चिप ‘डिव्हएक्स’ ही अक्षरे ओळखायची, ‘एक्सव्हिड’ पाहिले की तोंड फिरवायची, जरी आतले चित्र तिला पूर्ण वाचता येत असले तरी. त्यावर लोकांनी काढलेली युक्ती म्हणजे छोट्या प्रोग्रामने चिठ्ठीवरची चार अक्षरे खोडून दुसरी चार लिहायची. फाइलचा एक ठिपकाही न बदलता सिनेमा चालू व्हायचा. पण ज्यांनी चित्र आणखी आकसावे म्हणून कोडेकमधल्या दोन प्रगत सोयी, पाव ठिपक्याइतकी अचूक हालचाल आणि सबंध चौकटीची एकत्र हालचाल, चालू केल्या होत्या, त्यांच्या फाइलींना चिठ्ठी बदलूनही गुण यायचा नाही. पडद्यावर चेहरे वितळायचे. चिपमध्ये ते गणितच कोरलेले नव्हते.

हा फरक लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काही समजत नाही. संगणकावर चित्र उलगडण्याचे काम प्रोग्राम करतो. प्रोग्राम जुना झाला तर नवा टाकता येतो. पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी १९९६मध्ये कॅम्पसच्या जाळ्यावरून टीव्ही दाखवण्याचा प्रकल्प हाती घेतला. जुने जाळे संथ होते, खेळ खेळायलाही पुरत नव्हते आणि नव्या जाळ्यासाठी सबब हवी होती, अशी त्याची जन्मकथा सांगतात. त्यातून व्हीएलसी निघाला. रस्त्यावरचा नारिंगी शंकू ही त्याची खूण. २००१च्या फेब्रुवारीत तो सर्वांसाठी खुला झाला. फाब्रिस बेलार यांनी २०००मध्ये सुरू केलेल्या एफएफएमपेग या प्रोग्रामसंचाच्या आधारावर तो जवळजवळ कोणतीही फाइल उघडतो. टीव्हीत मात्र हे काम चिप करते. चिपला वीज कमी लागते, पंखा लागत नाही, किंमतही कमी. पण ती शिकलेले तेवढेच जाणते, आणि तिचे शिक्षण टीव्हीचा आराखडा ठरला त्या दिवशी संपलेले असते. व्हीएलसीत चालते म्हणजे फाइल बिघडलेली नाही, एवढेच सिद्ध होते. टीव्हीबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

डिसेंबर २००२मध्ये एमकेव्ही हा नवा डबा जाहीर झाला. एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुलीवरून त्याचे मात्रोस्का हे नाव आले. चित्र एक, आवाज पाच भाषांतले, उपशीर्षके दहा, प्रकरणांची यादी, फाँटसुद्धा, सगळे एकाच फाइलीत. नंतरच्या मे महिन्यात एच.२६४ हे मानक मंजूर झाले, जे जुन्याच्या निम्म्या जागेत तेवढेच चांगले चित्र देई. घरी सिनेमे साठवणाऱ्यांनी ही जोडी उचलली. टीव्ही बनवणाऱ्यांना ती मान्य करायला बरीच वर्षे लागली. सोनीच्या प्लेस्टेशन-३वर तर एमकेव्ही चालतच नसे. त्यासाठी लोक संगणकावर मोफत सर्व्हर चालवत, जो फाइल वाजता वाजता दुसऱ्या डब्यात भरून पाठवी.

एमकेव्ही चालणार असे खोक्यावर छापून आल्यावरही खोड्या संपल्या नाहीत. २०१०मध्ये एमकेव्ही बनवणाऱ्या प्रचलित प्रोग्रामने प्रत्येक चौकटीच्या सुरुवातीची तीच ती अक्षरे गाळून थोडी जागा वाचवायला सुरुवात केली. मानकात हे बसत होते. अनेक टीव्हींच्या आणि प्लेअरच्या वाचकाला ते ठाऊक नव्हते, आणि काल चालणाऱ्या प्रकारच्या फाइली आज अडू लागल्या. ती बचत बंद करून फाइल पुन्हा भरून घेणे हा उपाय होता आणि पुढे प्रोग्रामनेही ती सोय आपणहून वापरणे सोडले. मानक पाळूनही चूक ठरण्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

एच.२६४मध्ये ‘पातळी’ नावाचा एक आकडा असतो. ब्लू-रे आणि पूर्ण एचडीच्या काळातले बहुतेक टीव्ही ४.१ पातळीपर्यंत जातात. या पातळीत पूर्ण एचडी चित्र उलगडताना मागच्या जास्तीत जास्त चार चौकटी लक्षात ठेवाव्या लागतात, ७२० ओळींच्या चित्राला नऊ. फाइल बनवणाऱ्याने हौसेने सोळा चौकटींचा संदर्भ ठेवला, तर संगणकाच्या भरपूर स्मृतीत तो मावतो, टीव्हीच्या चिपमध्ये मावत नाही. सुरुवातीची दोन मिनिटे ठीक जातात आणि मारामारीचा प्रसंग आला की चित्र फाटते. उलटही घडते. चित्र साधेच असते, पण चिठ्ठीवर चुकून ५.१ पातळी लिहिलेली असते आणि टीव्ही दारातूनच परत पाठवतो. तिथे पुन्हा फक्त आकडा बदलला तरी भागते.

२०११च्या सुमारास जपानी ॲनिमेशनला हौशीने उपशीर्षके देणाऱ्या गटांनी आणखी एक पेच टाकला. प्रत्येक रंगाला आठऐवजी दहा बिट दिले की आकाशासारख्या सपाट रंगात पट्टे पडत नाहीत आणि फाइलही लहान होते, असे दिसल्यावर ते दहा-बिट एच.२६४कडे वळले. चिप बनवणाऱ्यांनी हा प्रकार कधी मनावर घेतला नाही. त्यामुळे आजच्या नव्या टीव्हीवर दहा-बिट एच.२६५ चालते, कारण फोर-के चित्रासाठी ते लागतेच. पण दशकभर जुनी दहा-बिट एच.२६४ फाइल हिरव्या-गुलाबी ठिपक्यांत उमटते किंवा काळीच राहते. अशी फाइल पुन्हा आकसून घेण्याला पर्याय नाही. त्याला तास लागतात आणि दर्जाही थोडा जातो. एच.२६५ स्वतः २०१३चे. त्याच्या पेटंटांचे पैसे गोळा करणारे एकाहून अधिक गट उभे राहिले. त्याला कंटाळून गूगल, ॲमेझॉन, नेटफ्लिक्स, मोझिला वगैरेंनी २०१५मध्ये आघाडी केली आणि २०१८मध्ये एव्ही१ हे बिनपैशाचे कोडेक आणले. त्याआधी घेतलेल्या टीव्हीच्या चिपला ते येत नाही.

फाइल पेनड्राइव्हने नेण्याऐवजी जाळ्यातून नेण्याची कल्पना याच काळात वाढली. जून २००३मध्ये सोनी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आदी कंपन्यांनी एक गट स्थापन केला. पुढच्या वर्षी त्याचे नाव डीएलएनए झाले. संगणकाने सर्व्हर व्हायचे, टीव्हीने त्याला आपोआप शोधायचे, यादी मागायची आणि फाइल खेचून घ्यायची. कल्पना सोपी होती. सक्तीची यादी मात्र फार तोकडी होती. घरातल्या यंत्रांना व्हिडिओत एमपेग-२, आवाजात साधा न आकसलेला पीसीएम आणि चित्रांत जेपेग, एवढेच आलेच पाहिजे असे ठरले. बाकी सगळे ऐच्छिक. म्हणजे दोन्ही खोक्यांवर डीएलएनएचा शिक्का असूनही एच.२६४ची फाइल न चालणे नियमाला धरूनच होते. गिऱ्हाइकाने शिक्का पाहून खरेदी केली, त्याचा यात काही दोष नव्हता. २०१७मध्ये ही संघटना ‘काम पूर्ण झाले’ म्हणून विसर्जित झाली.

डीएलएनएत पहिली अडचण यादीच न दिसण्याची असते. टीव्ही चालू झाला की तो २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर घरभर हाक मारतो आणि सर्व्हरने ओ द्यायची असते. ही हाक एका जाळ्याबाहेर जात नाही. भारतातल्या घरांत फायबर कंपनीने बसवलेला एक राउटर आणि घरच्यांनी आणून जोडलेला दुसरा, अशी जोडी सर्रास असते. टीव्ही एकावर आणि संगणक दुसऱ्यावर असेल तर दोघांचे इंटरनेट उत्तम चालते, पण एकमेकांना ते दिसत नाहीत. टीव्ही पाहुण्यांच्या वायफायला जोडला असेल तर तिथे यंत्रांना एकमेकांशी बोलायला मुद्दामच बंदी असते. विंडोजने घरच्या जाळ्याला ‘सार्वजनिक’ समजले असेल, तर संगणकाची संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल, हाक आतच येऊ देत नाही. यादी दिसत नसेल तेव्हा फाइलकडे पाहण्यात अर्थ नसतो. आधी सगळे एका राउटरवर आणायचे.

यादी दिसते पण एखादी फाइल त्यात नाही, किंवा आहे आणि उघडत नाही, तर संशय नावगावावर. सर्व्हर प्रत्येक फाइलसोबत तिचा प्रकार सांगणारी एक ओळ पाठवतो. एमकेव्हीसाठी एक ओळ रूढ होती आणि एका मोठ्या कंपनीच्या टीव्हींना तीच गोष्ट किंचित वेगळ्या शब्दांत हवी होती. सर्व्हर लिहिणाऱ्यांनी मग टीव्ही कोणता ते ओळखून प्रत्येकाला त्याच्या आवडीची ओळ देण्याची तजवीज केली. असे अपवाद साठत साठत आजच्या सर्व्हरच्या आत टीव्हींच्या आवडीनिवडींची एक वहीच तयार झाली आहे, सासरच्या प्रत्येक माणसाला चहा कसा लागतो ते नव्या सुनेने लक्षात ठेवावे तशी. टीव्हीला आतले पचत नसेल तर चांगला सर्व्हर ते वाजता वाजता बदलून देतो. हे काम जड आहे. २०११मध्ये इंटेलने प्रोसेसरमध्येच त्यासाठी वेगळा भाग बसवला, तोवर जुना संगणक यात धापा टाकायचा आणि दर काही सेकंदांनी चित्र थांबायचे.

चित्र थांबण्याचे दुसरे कारण रस्ता अरुंद असणे. २००३च्या जी प्रकारच्या वायफायवर ५४ मेगाबिट लिहिलेले असे, प्रत्यक्षात निम्म्याहूनही कमी मिळत. ब्लू-रेवरून जशीच्या तशी घेतलेली फाइल सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत मागते. भिंतीपलीकडच्या टीव्हीला ती पोचणार कशी? आजही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांची गर्दी असते. पाच गिगाहर्ट्झवर गेले की बहुतेकांची अडचण मिटते. केबल हा त्याहून खात्रीचा उपाय, पण तिथेही एक मेख आहे. महागड्या टीव्हींच्या मागे असलेले केबलचे भोकसुद्धा पुष्कळदा १०० मेगाबिटचेच असते. फोर-के ब्लू-रेचा प्रवाह त्यापुढे जाऊ शकतो, म्हणून काही टीव्हींवर केबलपेक्षा वायफायच बरा चालतो.

इंटरनेटवरचा सिनेमा अडत नाही आणि घरातल्या घरात मात्र अडतो, याचे अनेकांना नवल वाटते. इंटरनेटवरच्या सेवा एकाच सिनेमाच्या पाच-सात प्रती वेगवेगळ्या आकारांत ठेवतात, त्याचे काही सेकंदांचे तुकडे करतात आणि रस्ता अरुंद झाला की पुढचा तुकडा लहान प्रतीतला पाठवतात. ॲपलने ही पद्धत २००९मध्ये रूढ केली. पाहणाऱ्याला चित्र क्षणभर धूसर झालेले दिसते, थांबलेले दिसत नाही. घरच्या हार्ड डिस्कवर प्रत एकच असते. ती मावली तर मावली.

पेनड्राइव्हवाल्यांची अडचण आकड्याची. १९९६च्या फॅट३२ मांडणीत फाइलचा आकार ३२ बिटांत लिहितात. त्यामुळे चार गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल तिच्यात मावतच नाही, ड्राइव्ह ६४ गिगाबाइटचा का असेना. एनटीएफएस किंवा २००६चे एक्सफॅट वापरले तर हा अडसर जातो, पण जुन्या टीव्हीला एक्सफॅट वाचता येत नाही. मायक्रोसॉफ्टने त्याचा तपशील २०१९मध्येच उघड केला. हार्ड डिस्क लावल्यावर टिक-टिक होऊन बंद पडते ती वेगळी गोष्ट. टीव्हीचे साधे यूएसबी भोक ५०० मिलिअँपियर देते आणि फिरत्या डिस्कला सुरू होताना ते पुरत नाही.

सर्वांत जास्त बुचकळ्यात टाकणारी तक्रार मात्र शीर्षकातलीच. चित्र उत्तम, हलते नीट, आवाज शून्य. अशा फाइलीत आवाज बहुधा डीटीएसचा असतो. १९९३च्या ‘जुरासिक पार्क’पासून थिएटरांत आलेली ही पद्धत ब्लू-रेवर रुळली, आणि तिथून एमकेव्हीत. तिचा परवाना लागतो. सॅमसंगने २०१८पासूनच्या टीव्हींत ती देणे बंद केले, म्हणजे जुना टीव्ही काढून नवा घेतल्यावर तीच फाइल मुकी झाली. नव्या वस्तूला जुन्यापेक्षा कमी येते, हे गिऱ्हाइकाच्या गळी उतरणे अवघडच. उपाय मात्र सगळ्यांत हलका आहे. चित्राला हात न लावता फक्त आवाज एसी-३ किंवा एएसीमध्ये बदलायचा आणि डबा पुन्हा भरायचा. दोन तासांच्या सिनेमाला काही मिनिटे पुरतात. आवाजाच्या दोन-तीन पट्ट्या असतील तर तेवढ्याचीही गरज नसते, रिमोटवरून दुसरी पट्टी निवडली की काम होते.

फोनवर काढलेल्या व्हिडिओंनी जुन्या रोगांत दोन नव्यांची भर घातली. फोन उभा धरून काढलेले चित्र फाइलीत आडवेच लिहिलेले असते, सोबत ‘दाखवताना वळवा’ अशी सूचना असते. संगणक ती पाळतो, कित्येक टीव्ही पाळत नाहीत, आणि बारशाला आलेली सगळी मंडळी भिंतीवर चालताना दिसतात. दुसरा रोग एमपी४च्या अनुक्रमणिकेचा. चित्रण संपेपर्यंत ती लिहिता येत नाही, म्हणून फोन ती फाइलच्या शेवटी टाकतो. जाळ्यावरून पाहताना टीव्हीला शेवट हाती आल्याशिवाय सुरुवात करता येत नाही आणि चकती फिरत राहते. अनुक्रमणिका उचलून पुढे ठेवणारी सोय बहुतेक प्रोग्रामांत एका खुणेवर असते. २०१३च्या जुलैत ३५ डॉलरला आलेल्या क्रोमकास्टने आणि तसल्या कांड्यांनी टीव्हीच्या मागे नवा मेंदू लावायची सोय केली. पद्धत तीच, मल्टिसिस्टिम व्हीसीआरची : चित्र बदलत नसेल तर यंत्र बदला.

उरली उपशीर्षके, आणि इथे मराठी वाचकाचे दुखणे इतरांहून वेगळे आहे. डीव्हीडीवरची उपशीर्षके म्हणजे अक्षरांची छोटी चित्रेच होती, त्यामुळे लिपी कोणतीही असो, फरक पडत नसे. एसआरटी फाइल आली तेव्हा चित्रांची जागा साध्या मजकुराने घेतली. त्यात प्रत्येक वाक्याआधी वेळ लिहिलेली असते. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींच्या जवळपास आणि उपशीर्षके पालच्या २५ चौकटींच्या प्रतीवरून केलेली असली, तर तासाभरात दोघांत अडीच मिनिटांचे अंतर पडते. पात्र रडते तेव्हा खाली विनोद उमटलेला असतो. एकसारखी पुढे-मागे असतील तर रिमोटवरून सरकवता येतात. वाढत जाणारे अंतर मात्र संगणकावर ताणून किंवा आखडूनच दुरुस्त होते.

मराठी उपशीर्षकांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा चौकटी दिसल्या तर फाइल यूटीएफ-८मध्ये जतन केलेली नसते, किंवा टीव्हीत देवनागरी फाँट नसतो. युनिकोडच्या आधी मराठी टंकलेखन ज्या फाँटांत चाले, त्यांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. अशा फाइलीतून टीव्हीवर अगम्य रोमन अक्षरांची खिचडी उमटते. तिसरा प्रकार सर्वांत चमत्कारिक. अक्षरे सगळी येतात पण जुळत नाहीत. ‘शिवाजी’मधली पहिली वेलांटी ‘श’च्या मागे पडते, ‘स्त्री’चा पाय मोडून ‘स’, ‘त’, ‘र’ हलंतांसह वेगळे उभे राहतात. फाँट आहे, पण जोडाक्षरे जुळवणारा भाग टीव्हीच्या प्रोग्राममध्ये घातलेलाच नाही. त्याला रिमोटवर बटण नाही आणि वापरणाऱ्याच्या हातात दुरुस्तीही नाही. अशा टीव्हीसाठी मराठी ओळी संगणकावर चित्रातच छापून घ्याव्या लागतात, म्हणजे सबंध सिनेमा पुन्हा आकसावा लागतो. जो पहिल्या दोन प्रकारांत मोडतो त्याने मात्र एवढे करून पाहावे : एसआरटीचे नाव सिनेमाच्या फाइलचेच ठेवावे, मजकूर युनिकोडमध्ये असल्याची खात्री करावी आणि जतन करताना यूटीएफ-८ निवडावे.